कीवर्डकर

गेल्या श्रावणात आमच्या सोसायटीच्या फळ्यावर एक सूचना लागली. तीन पानी. मथळा होता, 'पाणीपुरवठा बंद : प्रत्येक कुटुंबाला माहीत असायलाच हव्यात अशा ७ गोष्टी'. सुरुवात 'आजच्या धकाधकीच्या जीवनात पाण्याचे महत्त्व अनन्यसाधारण आहे' अशी. मग पाणी म्हणजे काय, पाण्याचे फायदे, पाणी साठवताना होणाऱ्या सामान्य चुका. उद्या सकाळी सात ते दुपारी चार नळाला पाणी नाही, ही बातमी तिसऱ्या पानावर, सातव्या गोष्टीत, खालून दुसऱ्या ओळीला. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी 'पाण्याचे फायदे' इथपर्यंत वाचलं होतं. दुसऱ्या दिवशी डोक्याला शिकेकाई चोळलेल्या अवस्थेत त्यांनी बाथरूममधून लेखकाचा जो उद्धार केला, तो अख्ख्या जिन्यानं ऐकला.

लेखक म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरचा कीवर्डकर. खरं आडनाव दुसरंच आहे, पण आता कुरिअरवालाही त्याला याच नावानं विचारतो. पोरगा कंपन्यांच्या वेबसाइटसाठी ब्लॉग लिहितो. सकाळी मॉड्युलर किचन, दुपारी गुडघ्याचे पट्टे, रात्री शेअर बाजार. एकदा विचारलं, 'अरे, तुला यातलं काय कळतं?' म्हणाला, 'काका, मला कळून उपयोग नाही. गूगलला कळलं पाहिजे.'

शब्दाला ७५ पैसे मिळतात. त्यामुळे तो 'आहे' लिहून थांबत नाही, 'असल्याचे आपल्याला दिसून येते' असं लिहितो. तेवढ्यात पाऊण रुपयाचे तीन रुपये होतात. या सवयीनं आता घरही पोखरलंय. बायकोनं स्वयंपाकघरातून 'मीठ आहे का रे?' म्हणून विचारलं, की हा 'मीठ हा आपल्या आहारातील एक अविभाज्य घटक' पासून सुरू होतो. ती बिचारी शहाणी. 'शेवटचा परिच्छेद सांग,' म्हणते.

आमच्याकडची म्हातारी माणसं १९६१च्या पानशेतच्या पुराबद्दल ज्या सुरात बोलतात, त्याच सुरात कीवर्डकर गूगलच्या अपडेट्सबद्दल बोलतो. २०११ साली पांडा आला, त्यानं पोकळ मजकुराच्या वेबसाइट धुऊन नेल्या. २०१२ला पेंग्विन आला, त्यात भाडोत्री लिंका जमवून वर चढलेले गेले. ही दोन्ही संकटं आली तेव्हा हा शाळेत होता, पण सांगताना गळा दाटून येतो.

मीही एकदा माझं ज्ञान पाजळलं. म्हटलं, 'तुझ्या धंद्यात नवं काही नाही. किर्लोस्करांनी नांगर विकता विकता १९२० साली किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' काढली. कारखान्याचं पत्रक म्हणून सुरू झालं आणि त्याचं पुढं महाराष्ट्रभर वाचलं जाणारं मासिक झालं. लोक नांगर विसरून अंकाची वाट बघायचे.'

'ट्रॅफिक किती होतं?' त्यानं विचारलं.

'किर्लोस्करवाडीत? बैलगाड्या असतील चार-दोन.'

त्यानं ते वहीत टिपून घेतलं. विनोद म्हणून की माहिती म्हणून, मला अजून कळलेलं नाही.

त्याचं एक गिऱ्हाईक टाक्या साफ करणारं. लोक गूगलवर 'टाकी सफाई पुणे जवळ' असं शोधतात, म्हणून ते चार शब्द जसेच्या तसे लेखात हवेत, आणि सहा वेळा हवेत. मग 'टाकी सफाई पुणे जवळ करून घेणे आरोग्यास हितकारक असते' अशी वाक्यं जन्माला येतात. ही भाषा मराठीच आहे, फक्त विभक्ती प्रत्यय संपावर आहेत.

पण २०२२च्या डिसेंबरात गूगलनं मजकुराची पारख करायच्या आपल्या कसोट्यांत आणखी एक घातली : अनुभव. लिहिणाऱ्यानं ती गोष्ट स्वतः केलेली, निदान पाहिलेली असावी. कीवर्डकराला हे जरा उशिराच कळलं आणि सुतक आल्यासारखा चेहरा करून तो गच्चीत गेला. त्या दिवशी आमचीच टाकी साफ होत होती. आत उतरलेल्या माणसानं त्याला हात धरून वाकवलं आणि तळ दाखवला. तपकिरी लोण्यासारखा गाळ, त्यात कबुतराची पिसं आणि कुणाचा तरी हरवलेला प्लॅस्टिकचा चेंडू. तो माणूस म्हणाला, 'नळाकडं जाणारा पाइप तळापासून चार बोटं वर काढलेला असतो. गाळ चार बोटं चढला, की तो तुमच्या चहात यायला लागला म्हणून समजा. आणि पिसं आत येतात ती झाकण बसत नाही म्हणून. आधी झाकण बदला.'

कीवर्डकरानं खाली येऊन हे जसंच्या तसं लिहून काढलं. 'आजच्या धकाधकीच्या' नाही, 'अनन्यसाधारण' नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा त्याचा एक लेख शेवटपर्यंत वाचला आणि वाचून वर झाकण बघायला गेलो.

टाकीसफाईचा मालक भडकला. 'यात कीवर्ड कुठाय? आणि झाकण बदला म्हणून सांगतोस, मग मला बोलावणार कोण?' तरी लेख कसाबसा चढला, आणि लोकांचे फोन यायला लागले. 'आमची साडेतीन बोटं झालीत, थांबू का बोलावू?' असं विचारणारे. मालकाचा राग उतरला. हिशेब मात्र शब्दांवरच झाला : ३०० शब्दांचे २२५ रुपये. एरवीच्या १४०० शब्दी पाण्याला १०५० मिळतात.

'मग आता कसं लिहिणार?' मी विचारलं.

'काका, घराचा हप्ता शब्दांवर चाललाय,' तो म्हणाला.

परवा फळ्यावर पुन्हा सूचना लागली. काकू चष्मा लावून, हातात लाटणं घेऊनच खाली आल्या. कागदावर ठळक अक्षरांत एवढंच होतं : 'उद्या दिवसभर पाणी नाही. आजच बादल्या भरून ठेवा.' काकूंनी लाटणं खाली केलं. मग त्यांना तळाशी बारीक अक्षरातली ओळ दिसली.

'हेही वाचा : बादली म्हणजे काय?'