हळवी क्वीन ऐकण्याची नियमावली

प्रस्तुत नियमावली आमच्या मामांच्या घरी पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी आहे. इतरत्रही ती उपयोगी पडावी, कारण असा एक मामा प्रत्येक घरात नसला तरी प्रत्येक सोसायटीत असतोच. वय साठीच्या पुढे, बँकेतून निवृत्त, गुडघे कुरकुरणारे आणि कपाटात एका जुन्या इंग्लिश बँडच्या कॅसेटी. त्या बँडचे तेव्हाचे फोटो पाहिले तर या गृहस्थाचा त्यांच्याशी संबंध काय, असा प्रश्न पडतो. १९७४ साली क्वीनची मंडळी झँड्रा ऱ्होड्सने बेतलेले पांढरे, चुण्यांचे, पंखांसारखे पसरणारे झगे घालून स्टेजवर यायची. गायक फ्रेडी मर्क्युरीच्या एका हाताची नखं काळी रंगवलेली, डोळ्यांत काजळ. याला ग्लॅम रॉक म्हणायचे. मामांनी उभ्या आयुष्यात फिकट निळ्या हाफ शर्टापलीकडे धाडस केलेलं नाही.

मामांचं म्हणणं असं, की तो सगळा भपका वरवरचा. खरी क्वीन आत आहे आणि ती हळवी आहे. हे ते पाहुण्यांना पटवतात. पटलं नाही तर पुन्हा पटवतात. जेवणाची पानं घेईपर्यंत हे चालतं, म्हणून पाहुण्याने तयारीनिशी जावं हे बरं.

नियम १. ‘वी विल रॉक यू’चं नाव काढू नये. मांडीवर ताल धरणं तर वर्ज्यच.

हे गाणं क्रिकेटच्या मैदानावर वाजतं, शाळेच्या गॅदरिंगला वाजतं, मोबाइलच्या दुकानाच्या उद्घाटनालाही वाजतं. मामा त्याला वाईट म्हणत नाहीत. ते त्याला ‘सार्वजनिक’ म्हणतात. सार्वजनिक नळ म्हणताना आपला जो सूर लागतो, त्या सुरात. वास्तविक त्या धप-धप-टाळीमागे भलामोठा जमाव नव्हताच. लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत, म्हणजे एका जुन्या चर्चच्या हॉलमध्ये, मोजक्या लोकांनी फळ्यांवर पाय आपटले आणि गिटारवाल्या ब्रायन मेने त्या आवाजाच्या थोड्या थोड्या अंतराने मागे पडणाऱ्या प्रती एकावर एक चढवल्या. हे मामांना सांगून पाहिलं. ‘म्हणजे गर्दीसुद्धा खोटी,’ म्हणाले, आणि समाधानाने टेकून बसले.

त्याच अल्बमवर, १९७७च्या ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’वर, ‘स्प्रेड युअर विंग्ज’ आहे. बारमध्ये झाडू मारणाऱ्या एका पोराचं गाणं. त्याचा व्हिडिओ ड्रमर रॉजर टेलरच्या घरामागच्या बागेत, बर्फात काढलाय. चौघंही गारठलेले दिसतात. हे गाणं कुठल्याही मैदानावर वाजत नाही आणि मामांच्या लेखी हा त्याचा पहिला गुण.

नियम २. पाचगणीचा विषय येणारच. येऊ द्यावा, पण लवकर उरकून घ्यावा.

वस्तुस्थिती एवढी: फारोख बलसारा हा झांझिबारच्या पारशी घरातला मुलगा, जन्म ५ सप्टेंबर १९४६. लहान वयात त्याला पाचगणीला सेंट पीटर्स शाळेच्या बोर्डिंगमध्ये ठेवलं. तिथेच तो पियानोत मुरला, तिथे १९५८ साली पोरापोरांचा ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड निघाला आणि तिथेच फारोखचा फ्रेडी झाला. १९६३ साली तो झांझिबारला परतला. पुढच्या वर्षी तिथे क्रांती झाली आणि बलसारा कुटुंब लंडनजवळ फेल्टमला जाऊन राहिलं.

एवढ्यावरून मामांनी काढलेले निष्कर्ष असे. (अ) फ्रेडी सातारा जिल्ह्याचा. (आ) पाचगणीचं धुकं त्याच्या हळव्या गाण्यांत उतरलंय. (इ) इतके स्वच्छ इंग्रजी उच्चार आपल्याकडच्या बोर्डिंगशिवाय यायचे नाहीत, विलायतेतल्या लोकांना ते जमत नाही. यातल्या (अ)ला जनगणना मान्यता देणार नाही, (आ)ला काडीचाही आधार नाही आणि (इ)कडे मी पुढे वळणार आहे.

महाबळेश्वरला जाताना मामा पाचगणीत त्या शाळेपाशी गाडी थांबवतात आणि ‘नेव्हरमोर’ लावतात. जेमतेम सव्वा मिनिटाचं गाणं. मागचा टेम्पो साधारण निम्म्यात हॉर्न द्यायला लागतो. मामी तेवढ्यात काच खाली करून भाजलेली कणसं घेते, घासाघीस करते आणि सुट्टे पैसेही मोजून घेते. गाणं तिच्या बरोबर हिशेबातलं आहे.

नियम ३. सुरुवात ‘लव्ह ऑफ माय लाइफ’ने करू नये.

हा नवख्यांचा उतावीळपणा. आधी छोटी गाणी ऐकावीत: ‘नेव्हरमोर’, ‘लिली ऑफ द व्हॅली’, ‘डिअर फ्रेंड्स’. तिन्ही १९७४ची, तिन्ही दोन मिनिटांच्या आत आटोपणारी. मात्र ती सुटी काढून ऐकायची नाहीत, आणि इथे मामांचं ऐकावं, कारण इथे ते खरोखर जाणते आहेत. ‘क्वीन टू’ या तबकडीला पहिली बाजू, दुसरी बाजू असं काही नव्हतं. एक पांढरी बाजू आणि एक काळी. काळी बाजू संपूर्ण फ्रेडीची. त्या बाजूवर एका चित्रावरून लिहिलेलं, शब्द अंगावर फेकत सुटणारं ‘फेअरी फेलर’चं गाणं आणि ‘मार्च ऑफ द ब्लॅक क्वीन’चा सहा-साडेसहा मिनिटांचा कल्लोळ यांच्या बेचक्यात ‘नेव्हरमोर’ बसवलंय. आधीचा धिंगाणा थांबतो, पियानो आणि गळा एवढंच उरतं, आणि जरा कुठे जीव रमतोय तोवर पुढची मिरवणूक आदळते.

‘अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा’वर, १९७५ साली, हाच डाव मोठ्या पटावर मांडलाय. अल्बमची सुरुवातच जुन्या मॅनेजरला घातलेल्या शिव्यांनी होते. दुसऱ्या बाजूला आधी ‘द प्रॉफेट्स साँग’, आठ मिनिटांच्या वर, ब्रायन मेला पडलेल्या प्रलयाच्या स्वप्नावरचं. ते ओसरतं न ओसरतं तोच, मध्ये श्वासाचीही जागा न ठेवता, ‘लव्ह ऑफ माय लाइफ’चा पियानो सुरू होतो. प्रेमगीतांच्या संग्रहात हा प्रलय कापून टाकलेला असतो. मग उरतं ते नुसतं गोड.

आता इथे मामांच्या सिद्धान्ताला भोक पडतं, हे वाचकाच्या ध्यानात आलंच असेल. धिंगाणा वरवरचा असेल तर तो ऐकल्याशिवाय हळवं गाणं लागू का पडत नाही? ज्या माणसाने झगे घातले आणि नखं रंगवली त्याच माणसाने ‘लिली ऑफ द व्हॅली’ लिहिलं, आणि दोन्ही सारख्याच मनापासून केलं. मी हे एकदा चहा घेता घेता म्हणून बसलो. मामांनी कॅसेट बंद केली. त्यांनी कॅसेट बंद करणं म्हणजे काय, हे आमच्या घरात लहान मुलांनाही माहीत आहे.

नियम ४. वाद्यांबद्दल एक तरी प्रश्न विचारावा. उत्तर लांबेल.

‘लव्ह ऑफ माय लाइफ’मध्ये हार्प आहे. ती ब्रायन मेने वाजवली, पण त्याला ती वाजवता येत होती असं नाही. एकेक कॉर्ड वेगळा घेतला, दर वेळी तारा पुन्हा सुरात लावल्या आणि तुकडे जोडले. ऐकताना वाटतं, कोणी सहज बोटं फिरवतंय. ‘व्हाइट क्वीन’ आणि ‘जेलसी’मध्ये गिटार सतारीसारखी झणझणते. ती त्याची एक जुनी, स्वस्तातली गिटार होती. तार जिथे टेकते तिथे खटपट करून त्याने तिच्यातून ती झणझण काढली. आपल्याकडे याला जवारी म्हणतात, हे मामांना मी सांगितलं. हल्ली तेच ते मला समजावून सांगतात.

सत्तरच्या दशकातल्या त्यांच्या अल्बमांवर सिंथेसायझर वापरलेला नाही असं छापलेलं असायचं. मामीच्या मसाल्याच्या डब्यावर असं काही छापलेलं नाही, तरी लोक विश्वास ठेवतात, असं मामी म्हणते.

नियम ५. आवडता सदस्य कोण, असं विचारलं तर जॉन डीकन म्हणावं.

फ्रेडी म्हणणारे पायलीला पन्नास. डीकन हा बेसवाला, चौघांत सर्वांत गप्प; गाण्याच्या भानगडीत पडायचा नाही. ‘स्प्रेड युअर विंग्ज’ त्याचं. ‘यू आर माय बेस्ट फ्रेंड’ही त्याचंच, बायकोसाठी लिहिलेलं. त्यातला तो घोगरा, गुदगुल्या करणारा इलेक्ट्रिक पियानो त्यानेच वाजवला, कारण फ्रेडीला ते वाद्य आवडत नव्हतं. ‘थर्टीनाइन’च्या वेळी ब्रायन मेने त्याला गमतीत म्हटलं, उभा डबल बेस वाजव की. थोड्याच दिवसांत पठ्ठ्या तो शिकून हजर.

मामीला बँडमधला हा एकटाच पसंत आहे. कमी बोलतो, सांगितलेलं शिकून घेतो आणि बायकोवर गाणं लिहितो. हे तीन मुद्दे ती मामांकडे न बघता मांडते.

नियम ६. पान वाढल्यावर ‘थर्टीनाइन’ लावू देऊ नये. यात अंतराळात एका वर्षासाठी गेलेली माणसं परत येतात तेव्हा पृथ्वीवर शंभर वर्षं उलटलेली असतात. हे समजावताना मामा आइनस्टाइनपर्यंत जातात, मग ब्रायन मेने खगोलभौतिकीची अर्धी राहिलेली पीएच.डी. २००७ साली कशी पुरी केली तिथवर येतात, आणि भाकरी गार होते.

नियम ७. मामांचे ओठ हलत असतील तर हलू द्यावेत. दुरुस्ती सुचवू नये.

आता वर राहिलेला (इ). मामा तालुक्याच्या गावातले, मराठी माध्यमातले. नोकरीला मुंबईत आले, काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून पहिली कॅसेट घेतली (ते दुकानही २०१६मध्ये बंद झालं) आणि चाळीच्या खोलीत ऐकत बसले. गोंगाटाच्या गाण्यांतलं त्यांना अक्षर कळेना. हळव्या गाण्यांत मात्र तो माणूस सावकाश, एकेक व्यंजन नीट ठेवून म्हणायचा. कळायला लागलं. मग कॅसेट मागे-पुढे करत त्यांनी ती गाणी उतरवून काढली, बँकेच्या जुन्या डायरीत, निळ्या शाईने, देवनागरीत. डायरी अजून आहे. न लागलेल्या शब्दांच्या जागी टिंबं आहेत, शंकास्पद जागी प्रश्नचिन्ह आहे, आणि एका अख्ख्या ओळीपुढे ‘बहुधा’ असं लिहिलंय. फीत त्याच त्याच जागी इतकी घासली गेली, की ‘लव्ह ऑफ माय लाइफ’ अधूनमधून पाण्याखालून आल्यासारखं वाजतं.

तेव्हा हळवी क्वीन हीच खरी क्वीन, या दाव्याचं मूळ इथे आहे. मामांना जी समजली, ती.

आणि ते एकटेच नाहीत. १९८१ साली क्वीन पहिल्यांदा दक्षिण अमेरिकेत गेली आणि ब्यूनस आयर्सच्या मैदानावर लोकांनी ‘लव्ह ऑफ माय लाइफ’ उचललं. जानेवारी १९८५मध्ये रिओला तर अफाट गर्दीने. स्टेजवर एक बारा तारांची गिटार आणि फ्रेडी. तो गायचा थांबतो, हात पुढे करतो आणि पोर्तुगीज बोलणारा तो सगळा समुदाय इंग्रजीतलं गाणं शब्द न चुकता पुढे नेतो. त्यांच्यातल्या किती जणांच्या घरी अशी डायरी असेल! (क्वीनवरच्या २०१८च्या सिनेमाने हे रिओ आणून टाकलंय सत्तरच्या दशकाच्या सुमाराला. मामा ते दृश्य आलं की टीव्हीला साल सांगतात.) एरवी ‘सार्वजनिक’ म्हणून नाक मुरडणाऱ्या मामांना ही गर्दी चालते. ‘ती आपली माणसं,’ म्हणतात.

नियम ८. ‘दीज आर द डेज ऑफ अवर लाइव्ह्ज’ला नियम नाही. व्हिडिओ मे १९९१चा, कृष्णधवल, फ्रेडी किती खंगलाय ते फार दिसू नये म्हणून. २४ नोव्हेंबरला तो गेला. गाणं मुळात रॉजर टेलरचं, एवढी एकच माहिती मामा देतात. त्या वेळी त्यांच्याशी बोलू नये. मीही वाद घालत नाही.

संबंधितांसाठी मामांच्या दारावर लावलेली सूचना शेवटी जशीच्या तशी देतो:

श्रवण रविवारी दुपारी चारनंतर. एक ते चार बेल वाजवू नये. चहा मिळेल, एकदाच. फर्माईश स्वीकारली जात नाही. पाचगणीची माहिती आम्हांस आहे.