वास्तव्यरसिक

प्रवाशांचे वर्गीकरण करू पाहणाऱ्याने तीर्थाला जाणारे, खाण्यासाठी फिरणारे आणि सहल कंपनीची टोपी घालून झेंड्यामागे चालणारे अशा ढोबळ जाती मानल्या, तरी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत महाराष्ट्राच्या शहरी मध्यमवर्गात निपजलेली एक जात त्यांतून निसटते. या जातीच्या प्रवाशाच्या घरी कोणत्या गावी जायचे हे पाच मिनिटांत ठरते आणि त्या गावी कोठे उतरायचे याचा निकाल लागेपर्यंत पावसाळा सरतो. सोयीसाठी त्याला येथे वास्तव्यरसिक म्हटले आहे. तो साधारणपणे पन्नाशीच्या आगेमागे असतो, पुण्यात बाणेरला किंवा ठाण्यात घोडबंदर रस्त्याला अकराव्या मजल्यावर राहतो, आणि साखळी हॉटेलांचा उल्लेख निघाला की एखाद्या नातेवाइकाच्या व्यसनाविषयी बोलावे तशा दबक्या स्वरात बोलतो. उतरण्याच्या जागेला स्वतःचे व्यक्तिमत्त्व हवे, हा त्याचा सिद्धान्त. हे व्यक्तिमत्त्व म्हणजे नेमके काय, हे त्याला विचारले असता तो जी लक्षणे सांगतो ती बहुतेक अभावात्मक असतात: लिफ्ट नसावी, दूरचित्रवाणी नसावी, खोल्या दहांच्या वर नसाव्यात, खोलीला क्रमांक नसून नाव असावे. यांतल्या प्रत्येक अभावागणिक खोलीचे भाडे चढत जाते याकडे पत्नीने लक्ष वेधल्यास तो त्याला अभिरुचीचे मूल्य असे म्हणतो.

नाताळ ते पोंगल या काळात ही जात पुदुच्चेरीत मोठ्या संख्येने आढळते. फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीने सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात वखार घातलेले, १ नोव्हेंबर १९५४ रोजी प्रत्यक्षात आणि १६ ऑगस्ट १९६२ रोजी कायद्याने भारतात आलेले हे शहर जणू त्याच्यासाठीच आखले गेले असावे. एकमेकांना काटकोनात छेदणारे सरळ रस्ते, त्यांच्या मधून उत्तर-दक्षिण जाणारा कालवा, कालव्याच्या पूर्वेला समुद्रापर्यंत फ्रेंचांची 'विल ब्लांश' म्हणजे गोरी वस्ती आणि पश्चिमेला तमिळांची 'विल न्वार' म्हणजे काळी वस्ती, अशी त्याची जुनी मांडणी आहे. हा कालवा आता प्रामुख्याने पावसाचे आणि इतर काही पाणी वाहून नेतो, आणि वारा फिरला की त्याची जाणीव नाकाला होते. मुठा नदीवरच्या पुलावरून जाताना गाडीच्या काचा वर करणारा वास्तव्यरसिक येथे मात्र कठड्यापाशी थांबून त्याचे छायाचित्र घेतो.

त्याचा पहिला प्रश्न दराचा नसून सनावळीचा असतो. इमारत कोणत्या सालची, असे तो दूरध्वनीवरच विचारतो, आणि अनुभवी यजमान नेमके साल सांगण्याच्या फंदात न पडता 'फार जुनी' एवढेच उत्तर देतो. यजमानाचा हा सावधपणा इतिहासाला धरून आहे. जानेवारी १७६१ मध्ये फ्रेंच सेनापती लालीने शरणागती पत्करल्यानंतर इंग्रजांनी हे शहर जवळपास जमीनदोस्त केले, १७६५ मध्ये ते फ्रेंचांच्या हाती परत आले आणि मग पुन्हा बांधले गेले. त्यामुळे गोऱ्या वस्तीतल्या घराला तीनशे वर्षांचे वय चिकटवायचे तर त्याने पाडापाडीच्या वेळी गावाबाहेर जाऊन उभे राहायला हवे होते. ज्या सरळ रस्त्यांना तो 'फ्रेंचांची शिस्त' म्हणून दाद देतो, त्यांची आखणीही १६९३ ते १६९९ या काळात शहर बळकावून बसलेल्या डचांच्या नकाशाशी जोडली जाते. पण वास्तव्यरसिकाच्या हिशेबात इमारतींचे वय प्रवासात वाढते. पुदुच्चेरीत दीडशे वर्षांची असलेली कोठी चेन्नईच्या विमानतळावर दोनशेची होते आणि सोसायटीच्या कोजागरीपर्यंत तिने तिसरे शतक गाठलेले असते.

या जातीत तीन पंथ आहेत, आणि पंथभेद कडवा आहे. पहिला फ्रेंच पंथ. हा द्यूमा रस्ता, स्यूफ्राँ रस्ता किंवा रोमँ रोलाँ रस्त्यावर उतरतो, जेथे घराची उंच भिंत थेट रस्त्याला भिडलेली असते आणि मोठ्या दरवाजातून आत गेल्यावरच बाग, कमानी आणि खांबांचा व्हरांडा दिसतो. येथील छताला 'मद्रास टेरेस' म्हणतात: सागाच्या वाशांवर पातळ, लहान विटा चुन्यात उभ्या बसवून वर चुन्याचाच गिलावा देण्याची ही पद्धत. पलंगावर पाठ टेकून त्या वाशांकडे पाहत राहणे हा या पंथाचा मुख्य विधी आहे, मात्र पलंग इतका उंच असतो की त्यावर चढण्यासाठी ठेवलेले स्टूल रात्री अंधारात उतरताना हमखास जागेवर सापडत नाही. द्यूमा हा १७३५ ते १७४१ या काळातला येथला गव्हर्नर. नागपूरच्या रघूजी भोसल्यांनी कर्नाटकावर स्वारी केली तेव्हा अर्काटच्या नवाबाच्या घराण्यातल्या बायकामुलांना त्याने पुदुच्चेरीत आश्रय दिला, आणि रघूजींनी त्यांची मागणी करूनही त्यांना हवाली केले नाही. या प्रकरणात मराठ्यांच्या वकिलाबरोबर पाठवलेल्या फ्रेंच मद्याच्या बाटल्या रघूजींच्या राणीला फार पसंत पडल्या, आणखी बाटल्यांची मागणी आली आणि बोलण्यातली धार त्यानंतर उतरली, अशी हकिकत फ्रेंचांच्या इतिहासांत सांगितली जाते. मराठी माणसाचे द्यूमा रस्त्याशी असे जुने नाते असताना वास्तव्यरसिकाला त्याचा पत्ता नसतो. त्या रस्त्यावरच्या एकूण एक उपाहारगृहांची क्रमवारी मात्र त्याला पाठ असते.

दुसरा तमिळ पंथ पहिल्याला पोरकट समजतो. गोऱ्या वस्तीत कोणीही उतरेल, खरा जाणकार कालव्याच्या पश्चिमेला उतरतो, असे त्याचे म्हणणे आहे, आणि वास्तूच्या दृष्टीने पाहिल्यास त्यात तथ्य आहे. तमिळ घराच्या दर्शनी बाजूला रस्त्यावर लाकडी खांबांनी पेललेले कौलारू छप्पर उतरते, त्याला 'ताळ्वारम' म्हणतात. त्याखाली भिंतीला लागून बांधलेला उंच ओटा म्हणजे 'तिण्णै', जी घरमालकाची असली तरी वाटसरूने टेकावे यासाठी असते. आणि आत गेल्यावर वर आकाशाला उघडा असलेला, भोवती खांब असलेला चौक म्हणजे 'मुट्रम'. अनेक घरांत तळमजला असा तमिळ वळणाचा आणि वरचा मजला कमानी, चपटे खांब व गिलाव्याची नक्षी असलेला फ्रेंच वळणाचा असतो, कारण पैसा आला की व्यापाऱ्याने वरचा मजला राज्यकर्त्यांच्या रुचीने चढवला आणि खाली आजी, देवघर व हिशेबाच्या वह्या पूर्ववत राहिल्या. जमिनीवर बहुधा अत्तंगुडी फरशी असते. चेट्टिनाड भागातल्या त्या नावाच्या गावात काचेवर रंगीत सिमेंट ओतून ही फरशी हाताने घडवतात.

तिण्णैवर डोळे मिटून बसलेला या पंथाचा अनुयायी पाहणे हा हृद्य अनुभव आहे, विशेषतः त्याच्या घराण्याचा कसबा पेठेतला वाडा ज्यांना आठवतो त्यांच्यासाठी. त्या वाड्यालाही ओटा होता, ओसरी होती, चौक होता आणि चौकात हौद होता. भाऊबंदकी, जुन्या भाड्याचे भाडेकरू आणि पावसाळ्यात गळणारी कौले या तिहेरी हल्ल्यापुढे पुण्यातले बहुतेक वाडे टिकले नाहीत, तेव्हा दोष त्याच्या एकट्याच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. पण विकसकाच्या करारावर पहिली सही त्याची होती. आता त्या जागी त्याच वाड्याचे नाव धारण करणारी सहा मजली इमारत उभी आहे, तिला लिफ्ट आहे, आणि त्या लिफ्टसाठी बैठकांत सर्वांत जास्त भांडला तो हाच गृहस्थ.

तिसरा पंथ संख्येने लहान पण मानाने मोठा. श्रीअरविंद बडोद्यात गायकवाडांच्या सेवेत तेरा वर्षे होते आणि ४ एप्रिल १९१० रोजी पुदुच्चेरीत आले, एवढ्या धाग्यावर हा पंथ स्वतःला घरचाच समजतो आणि त्यांच्या आश्रमाच्या अतिथिगृहांत उतरतो. तेथे मद्य व धूम्रपान वर्ज्य असते आणि रात्री साडेदहाच्या सुमारास फाटक बंद होते. दुसऱ्या दोन पंथांतले लोक हजारो रुपये मोजून जो साधेपणा विकत घेतात तो येथे अल्प दरात मिळतो, ही गोष्ट या पंथाचे सदस्य संभाषणात कोठे ना कोठे आणतातच. सव्वादहा वाजता समुद्रकाठच्या रस्त्यावरून कोणी मराठी जोडपे घाईने चालताना दिसले, तर ते या पंथाचे समजावे.

प्रत्यक्ष वास्तव्यात रसिकतेची परीक्षा भिंतींवर होते. समुद्राच्या दमट हवेतले क्षार भिंतीत मुरतात आणि बाहेर येताना पृष्ठभाग फोडतात. चुन्याचा गिलावा ओल बाहेर पडू देतो म्हणून तो पोपडे धरतो, पण आतली वीट वाचवतो, तर वरून सिमेंट थापले की ओल कोंडते आणि विटाच भुसभुशीत होतात. चुना दर काही वर्षांनी नव्याने लावावा लागतो, आणि ते काम जाणणारे गवंडी थोडे आहेत. वास्तव्यरसिकाला हे रसायनशास्त्र ठाऊक नसते, पण पोपड्यांवरून तो प्रेमाने हात फिरवतो. स्वतःच्या सदनिकेत तळहाताएवढा डाग दिसताच ज्याने विकसकाला वकिलाची नोटीस धाडली, त्याची ही क्षमाशीलता खोलीच्या उंबऱ्यापुरती असते. न्हाणीघराचा उंबरा ओलांडल्यावर त्याला इतिहास नको असतो. तेथे चोवीस तास गरम पाणी, काचेचा पडदा आणि जर्मन नळ लागतात. सकाळच्या न्याहारीला पहिले दोन दिवस तो क्रोसाँ खाऊन त्याच्या पापुद्र्यांविषयी बोलतो, आणि तिसऱ्या दिवशी नेहरू रस्त्यावरच्या इंडियन कॉफी हाउसमध्ये डोसा खाताना आढळतो. तेथे ओळखीचे कोणी भेटलेच तर 'लाइफ ऑफ पाय' या कादंबरीत या जागेचा उल्लेख आहे म्हणून आलो, असे सांगण्याची सोय असते.

समुद्राच्या बाबतीत त्याची थोडी फसगत होते. दक्षिणेला बंदरासाठी १९८० नंतरच्या दशकात घातलेल्या धक्क्यांमुळे किनाऱ्यालगत उत्तरेकडे सरकणारी वाळू अडली आणि शहरासमोरची पुळण वाहून गेली; तिच्या जागी काळ्या दगडांची रास आली, आणि अलीकडच्या वर्षांत पाण्यात बांध घालून थोडी वाळू परत आणावी लागली. या दगडांवर बसून तो फ्रेंचांनी किनारा किती कलात्मक ठेवला आहे असे म्हणतो. त्याच रस्त्यावर 'मेरी' नावाने ओळखली जाणारी जुन्या नगरपालिकेची, म्हणजे फ्रेंच 'मॅरी'ची इमारत आहे. एकोणिसाव्या शतकातली मूळ इमारत नोव्हेंबर २०१४ मध्ये पावसात कोसळली आणि तिच्या जुन्या रूपाबरहुकूम बांधलेल्या नव्या इमारतीचे लोकार्पण फेब्रुवारी २०२१ मध्ये झाले. अशा खांबांची सर आजच्या बांधकामाला यायची नाही, हे उद्गार वास्तव्यरसिक बहुधा येथेच काढतो.

अशा प्रवासात त्याच्या मातोश्री बरोबर असल्यास त्यांची नोंद वेगळी घ्यावी लागते. इमारतीचे साल त्या विचारत नाहीत; संडास खाली आहे की वर, आणि सकाळचा चहा किती वाजता मिळेल, हे दोनच प्रश्न त्या विचारतात. गोऱ्या वस्तीतच असलेल्या मणक्कुळ विनायगरच्या देवळात त्या रोज जातात. परतताना गुडघे दुखतात म्हणून मिळेल त्या तिण्णैवर टेकतात, समोरच्या घरातली म्हातारी बाहेर येते, आणि एकीची तमिळ व दुसरीची मराठी अर्धा तास व्यवस्थित चालते. तिण्णै ज्या कामासाठी बांधली गेली त्या कामासाठी तिचा वापर करणारी त्या कुटुंबातली ही एकमेव व्यक्ती, आणि त्या वेळी तिचा मुलगा त्याच ओट्याचे खांब चौकटीत नीट बसावेत म्हणून तिला किंचित बाजूला सरकायला सांगत असतो.

एवढे सगळे असले तरी या गृहस्थाची टिंगल एका मर्यादेपलीकडे करणे कृतघ्नपणाचे होईल. इंटॅक, म्हणजे वारसा जतन करणारा राष्ट्रीय न्यास, गेली काही दशके या शहरात घरे वाचवण्यासाठी झटत आहे. वैश्याळ रस्त्यावरच्या तमिळ घरांचे दर्शनी भाग त्यातूनच पूर्ववत झाले, आणि त्या कामाला २००८ मध्ये युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागाचा वारसा-पुरस्कार मिळाला. पण पुरस्काराने चुना लागत नाही, त्याला दरवर्षी पैसा लागतो, आणि पोपड्यांवर प्रेमाने हात फिरवणाऱ्याच्या खिशातून तो बऱ्याच अंशी येतो. वाटण्यांसाठी पाडायला निघालेले एखादे घर त्याच्या भाबडेपणावर तरून गेले आहे. त्याची किंमतही आहे: घर वाचते आणि घरातली माणसे उठून उपनगरात जातात, स्वयंपाकघरात मालिशची खोली होते, आणि मुट्रमात तांदूळ निवडणे बंद होऊन तेथे पाहुण्यांसाठी मेणबत्त्या लावतात. शनिवार-रविवारी चेन्नई आणि बंगळूरूच्या मोटारी गल्लीत शिरल्या की उरल्यासुरल्या रहिवाशांना स्वतःच्या दारात पाऊल टाकायला जागा राहत नाही.

या गर्दीला वास्तव्यरसिक स्वतःही हातभार लावतो, कारण गुप्त जागा शोधण्याचा आनंद ती चाळीस जणांना सांगितल्याशिवाय पुरा होत नाही. ते चाळीस जण पुढच्या डिसेंबरात जातात, भाडे वाढते, त्याची लाडकी खोली त्यालाच मिळत नाही, आणि मग पाँडिचेरी आता बाजारू झाली असा निर्णय तो जाहीर करतो. सध्या त्याची नजर दक्षिणेला तरंगंबाडीवर आहे. तेथे १६२० मध्ये डेन्मार्कच्या लोकांनी किल्ला बांधला आणि १८४५ मध्ये वस्ती इंग्रजांना विकली. गाव लहान, उतरण्याच्या जागा मोजक्या आणि खोल्या त्याहून मोजक्या, त्यामुळे तो अतिशय प्रसन्न असून डॅनिश गव्हर्नरांची नावे पाठ करतो आहे. त्या टापूत लिफ्ट असलेले एखादे हॉटेल आहे का, याची चौकशी पत्नीने स्वतंत्रपणे सुरू केली असून तूर्त ती कराईकलपर्यंत पोहोचली आहे.