वाळवंटराज थर यांचे सेवेशी

श्रीमन्महाराज मरुभूमिपती थरराज, मुक्काम जैसलमेर, यांचे सेवेशी—

बीड मुक्कामाहून एका नित्यतृषित रयतेचा शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष. येथील कुशल टँकरच्या फेऱ्यांवर अवलंबून असल्यामुळे ते फेरीगणिक कमीजास्त होत असते. आपले कुशल लिहीत जावे. पत्र लिहिण्यास कारण की, आमचे एक परममित्र, जे पुण्यास एका संगणकाच्या कचेरीत अहोरात्र खुर्चीवर बसून देहाने स्थूल आणि चित्ताने कृश झाले आहेत, त्यांस या फाल्गुनात अकस्मात वैराग्याचा झटका आला. आणि हल्लीच्या रिवाजाप्रमाणे त्या वैराग्याचे शमन शनिवार-रविवारच्या सुटीत, आगाऊ आरक्षण करून आणि शक्य तर न्याहारीसह व्हावे, अशी त्यांची इच्छा असल्यामुळे त्यांनी आपल्या राजधानीकडे प्रस्थान ठेवण्याचे योजिले. एकट्याने वैराग्य भोगण्यात मौज नसते, म्हणून बरोबरीस आम्हांलाही त्यांनी धरले. त्यांनी धाडलेल्या रंगीत पत्रकात चांदण्यातल्या वाळूच्या टेकड्या होत्या, झुली पांघरलेले उंट होते, गालिचे अंथरलेले तंबू होते, आणि या सर्वांच्या वर ठळक टाइपात ‘मरुभूमीच्या अस्सल रुक्षतेचा अनुभव’ अशी ग्वाही होती. खाली बारीक अक्षरांत चोवीस तास गरम पाण्याची व पोहण्याच्या तलावाची सोय असल्याचेही नमूद होते.

हिशेब मांडला तेव्हा दोन्ही दिवस जाण्यायेण्यातच खर्ची पडतात आणि उंटाच्या वाट्यास कसाबसा घटकाभर उरतो, असे निष्पन्न झाले. तेव्हा आम्ही त्यांस म्हणालो, “लेका, रखरखाटच पाहायचा तर एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? शुक्रवारच्या रात्रीची एस. टी. धर आणि बीडला ये.” ते आले. आपले एक रोख मोजणारे गिऱ्हाईक अशा रीतीने आम्ही परस्पर फोडले, याची जाणीव असल्यामुळे ही कैफियत हुजुरात दाखल करीत आहोत. आणि कैफियत दाखल करतोच आहोत तर तिच्या पोटात एक अर्जही घालीत आहोत. तो असा, की बीड जिल्ह्यास आपल्या साम्राज्यातील एक मांडलिक परगणा म्हणून रुजू करून घ्यावे, म्हणजे ज्या कोरडेपणाबद्दल आपल्याकडे प्रवासी पैसे देतात, त्याच कोरडेपणाबद्दल आम्हांस निदान तिकिटाचे उत्पन्न होईल.

योग्यतेच्या दाखल्यांची आमच्या दप्तरी वाण नाही. परळी वैजनाथ हे ज्योतिर्लिंगाचे क्षेत्र. तेथील औष्णिक विद्युतकेंद्र २०१३ साली, कोळशावाचून नव्हे तर पाण्यावाचून, बंद ठेवावे लागले होते. तंबूतल्या मुक्कामाची आपल्याकडे जी हौस, ती आमच्याकडे २०१९ च्या उन्हाळ्यात चारा-छावण्यांतून शेकडो ठिकाणी, सरकारी खर्चाने आणि गुराढोरांच्या सहवासात भागविण्यात आली. उंट तेवढे नव्हते. कृष्णेचे पाणी आष्टीला येणार येणार म्हणून जे ऐकू येते, ते ऐकत एक पिढी म्हातारी झाली. मृगजळाच्या बाबतीत आम्ही आपल्या मागे आहोत असे कोणी म्हणू नये.

परममित्रांस शनिवारी सकाळी प्रथम कंकालेश्वरास नेले. हे प्राचीन मंदिर शहराच्या पूर्वेस एका चौरस कुंडाच्या मध्यावर उभे असून देवाच्या चोहो बाजूंस पाणी असते. ते पाहून मित्रांनी अत्यंत समंजस प्रश्न विचारला, की रुक्ष प्रदेशात देवाचीच तेवढी अशी चैन का? आम्ही त्यांस सांगितले, की संकटकाळी देव पाण्यात घालून बसण्याची जी रीत आहे, ती इतरत्र प्रसंगोपात्त पाळतात. आमच्या पूर्वजांनी येथील पर्जन्याचा स्वभाव ओळखून ती पक्क्या दगडी बांधकामातच कायम करून ठेवली.

तेथून खजाना विहीर. महाराज, या स्थळाविषयी जरा विस्ताराने लिहितो, कारण आमच्या अर्जास पहिला अडथळा येथेच आला. शहराच्या दक्षिणेस सोलापूरच्या वाटेवर कोसा-दोन कोसांच्या अंतरावर असलेली ही विहीर अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाच्या अमदानीत, १५८२ च्या सुमारास, बीडचा जहागीरदार सलाबतखान याने बांधविली, आणि तिचे काम राजा भास्कर नामक वास्तुविशारदाने केले. लोक असे सांगतात, की वसुलाचा सारा खजिना या एका कामात गडप झाला, म्हणून तिला हे नाव पडले. सरकारी पैसा जमिनीत गाडला गेल्याच्या कथा आमच्याकडे अनेक आहेत, परंतु गाडलेल्या जागेतून पुढे चारशे वर्षे पाणी निघाल्याची कथा आमच्या माहितीत एवढी एकच. विहीर रुंद आणि वाटोळी. आत उतरले की कडेने फिरता येईल असा ओटा. भूगर्भातल्या दगडी नळांतून एकीकडून पाणी आत येते आणि दुसरीकडून बाहेर पडून, जमिनीच्या उताराचा मान राखीत, शहराजवळच्या बलगुजार नावाच्या शेतजमिनीस जाऊन मिळते. ना मोट, ना रहाट. परममित्र पायरीवर बसून बराच वेळ त्या वाहत्या पाण्याकडे पाहत राहिले.

“पंप कुठे बसवलाय?” त्यांनी विचारले.

“पंप नाही.”

“मग वीजबिल?”

“तेही नाही.”

“आणि ठेकेदार?”

“वारला. सोळाव्या शतकात.”

ते उठेनात. पत्रकातील अनुक्रमानुसार या वेळी त्यांनी रुक्षतेचा अनुभव घेत असावयास हवे होते. प्रत्यक्षात ते विजार गुडघ्यापर्यंत दुमडून गार पाण्यात पाय सोडून बसले होते. आम्हांस मोठी लाज वाटली. पाहुण्यास वाळवंट दाखवावयास आणावे आणि जिल्ह्याने ऐन मोक्याला झुळझुळ पाणी पुढे करावे, याहून मोठा विश्वासघात तो कोणता?

अब्रू सावरण्यासाठी त्यांस तातडीने आणखी दक्षिणेकडे करझणीच्या डोंगरावर नेले. येथे एक समाधी आहे, आणि ती दाताची आहे. तवारिखांत नमूद असलेली कथा अशी, की मुहम्मद तुघलक १३४१ साली या मुलखातून जात असता त्याचा एक दात पडला, आणि बादशहाचा दात म्हणून तो समारंभपूर्वक दफन करून त्यावर इमारत उभारण्यात आली. ज्या बादशहाने अवघी दिल्ली उचलून देवगिरीस आणावी, त्याच्याकडून आमच्या वाट्यास आला तो एक किडका दात! तेव्हापासून आजतागायत दिल्लीकरांची जी जी मेहेरनजर आमच्यावर झाली, तिचे मान साधारणतः या दाताच्याच प्रमाणात राहिले आहे. नगर-बीड-परळी लोहमार्गास मंजुरी मिळाली १९९५ च्या सुमारास, आणि बीड स्थानकातून नगरकडे पहिली गाडी सुटली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. एवढ्या अवधीत दातांच्या दोन कवळ्या सहज झिजल्या असत्या. परममित्र म्हणाले, “म्हणजे पुढच्या खेपेस मी रेल्वेने येईन.” पुढच्या खेपेचे नाव त्यांनी आपण होऊन काढले, हे येथे मुद्दाम दाखल करून ठेवतो.

उतरणीवर बालाघाटाच्या कुशीत एक लहान गाव लागले. आपल्या जैसलमेरजवळ कुलधरा म्हणून एक गाव आहे, जे एकोणिसाव्या शतकात पालीवाल ब्राह्मणांनी दिवाणाच्या जुलमास कंटाळून सोडले असे सांगतात, आणि जे पाहण्यासाठी प्रवासी आता तिकीट काढतात. मित्रांच्या यादीत ते होतेच. आम्ही त्यांस म्हणालो, “हे आमचे कुलधरा, फक्त हे दरसाल उठते आणि दरसाल परत वसते.” कारण दसरा-दिवाळी उलटली, की मुकादमाकडून घेतलेल्या उचलीच्या बदल्यात नवरा-बायकोची एकेक जोडी, जिला कारखान्याच्या हिशेबात माणूस न म्हणता ‘कोयता’ म्हणतात, बिऱ्हाड गाडीत घालून पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या उसाच्या फडाकडे निघते, आणि चैत्रापावेतो घरांना कुलुपे असतात. गल्लीत एक म्हातारी नातवंडास जवळ घेऊन बसली होती. तिने आम्हांस बसायला पोते दिले, गूळपाणी दिले, आणि आम्ही कोणाकडे आलो हे विचारले. मित्रांनी ‘गाव बघायला’ म्हणून सांगितले, तेव्हा ती म्हणाली, “आता काय बघता बाबा? माणसं आल्यावर या.” मित्रांनी छायाचित्रासाठी बाहेर काढलेला मोबाइल परत खिशात घातला. आपल्याकडील पालीवाल एकदाच गेले, म्हणून त्यांची आख्यायिका झाली. आमचे लोक दरसाल जातात, म्हणून त्यांची नोंद फक्त मुकादमाच्या वहीत होते.

राहता राहिली वाळू. रुजू होण्याच्या अर्जात ही बाब कळीची, हे आम्ही जाणून होतो; म्हणून रविवारी सकाळी मित्रांस गोदाकाठी राक्षसभुवनास नेले. थोरल्या माधवराव पेशव्यांनी १७६३ साली निजामास जेथे चारीमुंड्या चीत केले ते हे ठिकाण, शनिदेवाच्या स्थानासाठीही विख्यात. गोदावरीच्या पात्रात गेवराई तालुक्यात जी वाळू होती ती, महाराज, आपल्या जैसलमेरजवळच्या सम गावच्या टेकड्यांनी मान खाली घालावी अशी होती. ‘होती’ म्हणण्याचे कारण असे, की आपल्याकडील वाळू वाऱ्याने सरकते, ती टेकडी येथून उठून तेथे बसते. आमच्याकडील वाळू हायवाने सरकते, ती रात्री पात्रातून उठते आणि सकाळी कुठल्याशा शहरात चौथ्या मजल्याच्या स्लॅबमध्ये बसते. मित्रांस पात्रात खड्डे दिसले. त्यांनी उंट विचारला. काठावर उभ्या असलेल्या एका गृहस्थाने आमच्याकडे निरखून पाहत, आपण कोणत्या खात्याचे, अशी चौकशी केली. आम्ही कोणत्याच खात्याचे नाही म्हटल्यावर त्याची मुद्रा प्रसन्न झाली आणि त्याने आम्हांस चहा पाजला.

परतीच्या एस. टी.ची वाट पाहत स्थानकावर बसलो असता परममित्रांनी आपल्या राज्याविषयी जे वाचून काढले होते ते सांगावयास सुरुवात केली, आणि आमच्या अर्जाचे उरलेसुरले अवसान गळाले. जैसलमेरास वर्षाचा पाऊस दोनशे मिलिमीटरच्या आतबाहेर. आमच्या जिल्ह्याची सरासरी साडेसहाशेच्या घरात. म्हणजे आपल्यापेक्षा तिप्पट दान पदरात पाडून घेऊन आम्ही आपल्यासारखे दिसतो. त्याच कुलधऱ्याच्या पालीवालांनी म्हणे खडीन नावाची युक्ती चालविली होती: खडकाळ चढावरून वाहून येणारे पाणी सखल वावराच्या टोकाला मातीचा लांबलचक बांध घालून अडवावयाचे, ते जमिनीत जिरू द्यावयाचे, आणि मग त्या ओलीवर गहू-हरभरा काढावयाचा. दोनशे मिलिमीटरात गहू! आणि साडेसहाशेत आम्ही काय काढतो, तर टँकरच्या निविदा. सर्वांत तहानलेले जे पीक, ते या टंचाईग्रस्त जिल्ह्यातही साखर कारखान्यांच्या धुराड्यांभोवती डौलाने उभे असते, आणि ज्यांच्या वावरात ते उभे राहू शकत नाही ते परमुलखातले तोडावयास जातात.

“तुमचा अर्ज नामंजूर होणार गड्या,” मित्र म्हणाले. “वाळवंटात पाण्याची लाज बाळगावी लागते.”

आणि विचारांती आमचेही मत तेच झाले आहे. आपला रखरखाट निसर्गदत्त, आमचा दप्तरदाखल. गावाची पैसेवारी पन्नासाच्या आत आली की दुष्काळ, एक्कावन्न झाली की सुकाळ. शिवारातले बोडके वावर दोन्ही दिवशी तेच असते, पालटतो तो फक्त तलाठ्याच्या कागदावरचा आकडा. अशा परगण्यास पदरी घेतल्यास आपल्या जुन्या, खानदानी वाळवंटाची पत जाईल, आणि उद्या एखाद्या बादशहाने आपल्याही मुलखात दात पुरला तर त्याचा दोष आमच्याकडे येईल. सबब मूळ अर्ज आम्ही आपण होऊन मागे घेत आहोत, आणि त्याऐवजी एक लहानशी याचना करीत आहोत, की आपल्या पदरचा एखादा खडीन जाणणारा म्हातारा शेतकरी आमच्याकडे चार पावसाळे उसनवार पाठवावा. त्याच्या प्रवासभत्त्याची हमी देता येत नाही. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी व हंगामात बालाघाटची सीताफळे पोटभर मिळतील. त्याने येताच प्रथम खजाना विहीर पाहावी आणि नंतर आमच्या अधिकाऱ्यांस ती दाखवावी. त्यांच्यातील पुष्कळांस वाट ठाऊक नसेल.

परममित्रांच्या बाबतीत निवेदन, की ते आपल्याकडे येत्या हिवाळ्यात खात्रीने येतील. गुळगुळीत पत्रक त्यांनी येथेच टाकून दिले असून आता त्यांस उंटावर न बसता बांधावर बसावयाचे आहे. त्यांची तशी व्यवस्था व्हावी. बहुत काय लिहिणे, लोभ असावा हे विनंती.

आपला,
एक नामंजूर मांडलिक

ता. क. — आमच्या स्थितीची कीव येऊन आपण नमुन्यादाखल दोन-चार टेकड्या वाळू पाठवावयाचे मनात आणलेच, तर ती रात्रीच्या वेळी गेवराईमार्गे धाडू नये. बीडपर्यंत पोचणार नाही.