कुंपणावरचा निरोप

"काय हो वहिनी, सूनबाई दिसल्या नाहीत दोन दिवस?"

"ताप आलाय म्हणे. गोधडी घेऊन पडलीय. ना जेवण, ना बोलणं, मोबाईलसुद्धा बघत नाही. साताऱ्याची ना, कंदी पेढ्यासारखी नाजूक! आम्ही सांगलीच्या पोरी तापातही भाकऱ्या थापायचो."

"मोबाईल बघत नाही म्हणजे खरंच आजारी आहे हो. मागं तुमची म्हैस कोपऱ्यात मान टाकून उभी होती, कडब्याला तोंड लावत नव्हती. तिला म्हणालात का नाटकी?"

"म्हशीचं वेगळं, आक्का."

"काही वेगळं नाही. 35 वर्षं सिस्टर होते मी, ऐका. अंगात जंतू शिरले की पांढऱ्या पेशी निरोप धाडतात, सायटोकाईन म्हणतात त्याला. मेंदूला पक्कं कुंपण, ऐऱ्यागैऱ्याला आत सोडत नाही. मग तिथल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीच तो निरोप ऐकतात आणि आत प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन सोडतात. आपल्यासारखंच! मी तुमच्या अंगणात पाऊल ठेवत नाही, पण तुमच्या घरातलं सगळं माझ्या चुलीपर्यंत येतं."

"इश्श! मी कुठं काय सांगते!"

"बरं. ते रसायन हायपोथॅलॅमसमधल्या रिसेप्टरला चिकटलं, की गिझरचा काटा 37 वरून 39 वर नेल्यासारखं होतं. अंग 38 असलं तरी मेंदूला वाटतं, पोरगी गारठली. म्हणून हुडहुडी, म्हणून गोधडी. भूक मरते, माणसं नकोशी होतात, तेही या निरोपांमुळंच. ऍस्पिरिन हे रसायन बनूच देत नाही. काटा उतरतो, घाम फुटतो. जॉन व्हेननं 1971 साली हे दाखवलं, 1982 ला नोबेल मिळालं. 1971 पर्यंत 70 वर्षं जग गोळी नुसतीच गिळत होतं."

"मग देते की ऍस्पिरिन."

"थांबा! सांधे धरलेत का?"

"बोटं वळत नाहीत म्हणते."

"2006 ची चिकुनगुन्याची साथ आठवते ना? लोक भिंत धरून चालायचे. तसंच असेल, नाहीतर डेंगी. आजच रक्त तपासा. डेंगी नाही हे कळेपर्यंत ऍस्पिरिन नको, आयबुप्रोफेन नको, रक्तस्रावाची भीती असते. बाकी डॉक्टर सांगतील ते. आणि वहिनी, मागच्या दारचा तो ड्रम आधी उपडा करा. डासांच्या अळ्या वळवळताहेत त्यात, मला इथनं दिसतात."