कायदेभाऊ

दिवाळी सरली की गोंदिया जिल्ह्यात गावोगाव मंडई भरते आणि रात्री झाडीपट्टीचं नाटक असतं. नाटकाचा पडदा उघडेपर्यंत जागं राहायचं म्हणून आमच्या सपरीत तीन पत्तीचा डाव पडतो. जुगारबंदीचा कायदा 1887 सालापासून आहे, तेव्हा पैसे नाही, लाखेचे दाणे लावायचे. त्यामुळे डाव कितीही छोटा असो, लाखाचाच होतो.

या डावात कायदेभाऊ पान हातात धरत नाहीत. खांबाला टेकून सुपारी कातरतात आणि निकाल देतात. 'शो' झाला की अडकित्ता थांबतो. "ट्रेल सगळ्यांत भारी. मग प्युअर सिक्वेन्स, मग साधी सिक्वेन्स, मग कलर, मग जोडी. यातलं काहीच नसंल त्यानं मोठ्या पानाकडे पाहून देवाचं नाव घ्यावं." मागच्या मंडईला मी राजा-एक्का-दुर्री सिक्वेन्स म्हणून टाकली, तर कडाडले, "राजा काय दुर्रीच्या पंगतीत जेवते का गा? उचल!" माझे सगळे दाणे गेले.

यंदा पुण्याहून भाचा आला. मोबाईलवर पोकर खेळणारा. म्हणाला, "पण कलर तर सिक्वेन्सच्या वर असतो."

सपरी चिडीचूप. कायदेभाऊंनी खांड गालात सरकवलं.

"तुयी पानं पाच, आमची तीन. पाचात कलर 5,108 तऱ्हेनं जमते, सिक्वेन्स 10,200 तऱ्हेनं. म्हणून तिथं कलर भारी. तीन पानांत सिक्वेन्स 720 अन् कलर 1,096. म्हणून इथं सिक्वेन्स भारी. जमायला जे कठीण, त्याचा मान मोठा. कायदा एकच हाये!"

भाचा गार. पण दहावीतली पुतणी नाटकाच्या हँडबिलामागे आकडे मांडत होती.

"मोठेबाबा, एक्क्यापासून राजापर्यंत तेरा ट्रेल, प्रत्येक चार तऱ्हेनं. तेरा चोक बावन्न. प्युअर सिक्वेन्स बारा, चार रंगांत. बारा चोक अठ्ठेचाळीस. मग जास्त कठीण काय?"

अडकित्ता थांबला तो थांबलाच. तेवढ्यात नाटकाची घंटा झाली आणि सपरी रिकामी झाली. कायदेभाऊ तेवढे हँडबिल घेऊन दिव्याखाली बसून राहिले.

ते आले थेट दुसऱ्या अंकाला. स्टेजवर नायिका हंबरडा फोडत होती आणि हे माझ्या कानाशी कुजबुजत होते.

"तुयी ती राजा-एक्का-दुर्री... चालवून घेतली तर सिक्वेन्स तेरा होतात. तेरा चोक बावन्न. बरोबरी!"

"आणि बरोबरी झाली तर?"

"ट्रेल भारी. वयानं मोठी हाये ते."

"मग माझे मागच्या मंडईचे दाणे?"

कायदेभाऊंनी डोळे स्टेजकडे वळवले. "त्याची मुदत गेली."