पगाराचा बाजारभाव काढण्याची शास्त्रोक्त रीत

पगारवाढीच्या हंगामात एचआरचे साहेब टेबलावर एक जाडजूड अहवाल ठेवतात आणि म्हणतात, "मार्केट बघता तुम्हाला चांगलंच मिळतंय." हे मार्केट नक्की कुठं भरतं, याची चौकशी करू इच्छिणाऱ्या बारामती एमआयडीसीतल्या जिज्ञासूंसाठी काही नियम.

१. मार्केटचा पत्ता विचारावा. असे अहवाल सल्लागार कंपन्या विकतात. आकडे देणाऱ्याही कंपन्याच आणि विकत घेणाऱ्याही त्याच. अहवालात 'पुणे' असेल, तर चाकण की हिंजवडी, हे विचारावं. पगार ठरवताना बारामती ग्रामीण असते; टार्गेट ठरवताना तीच जागतिक दर्जाची होते.

२. पदनावाला भुलू नये. इथं पियाजिओ तीनचाकी बनवते, श्रायबर डायनॅमिक्स चीज आणि फेरेरो चॉकलेट. तिघांचा 'ऑपरेटर' एकच धरला की सरासरी झटकन निघते.

३. सीटीसी सोलून बघावी. त्यात कंपनीचा पीएफचा वाटा असतो, बस असते, कॅन्टीन असतं. बेसिकच्या ४.८१ टक्के ग्रॅच्युइटीही असते. ती हातात पडायला कायम कामगाराला साधारण पाच वर्षं टिकावं लागतं.

४. पगार कुणी, कुणाला सांगितला, ते बघावं. एकाच पोराचे पाच पगार असतात. लग्नाच्या बायोडेटात असतो तो पुढल्या वर्षीचा. नव्या कंपनीच्या मुलाखतीत जुनाच, पण फोडणी दिलेला. मेहुण्यानं उसने मागितले की सगळे हप्ते वजा करून उरलेला. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सांगितलेला ऐकून तलाठ्यालाही गलबलून येतं. पाचवा पासबुकात असतो. तो कुणी विचारत नाही. नोकरीच्या साइटवर यांतला कुठला भरलाय, ते भरणाऱ्यालाच ठाऊक.

५. सरकारी आकडा ज्या कामाचा, त्याच कामाला वापरावा. किमान वेतनाचा विशेष भत्ता जानेवारीत आणि जुलैत महागाईच्या निर्देशांकावरून बदलतो. त्यातून तळ कळतो, भाव नाही. पीएफवरून तर अंदाज बांधूच नये. २०१४ साली पीएफसाठी धरायच्या पगाराची मर्यादा १५,००० झाली आणि बऱ्याच ठिकाणी तीस हजारवाला नि साठ हजारवाला तिथं एकाच उंचीचे दिसू लागले.

६. फुकटचं वाचावं. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला २०१३ च्या कंपनी कायद्यानं वार्षिक अहवालात संचालकाचा पगार पगारांच्या रांगेत बरोबर मध्ये येणाऱ्या कर्मचाऱ्याच्या पगाराच्या किती पट आहे, ते छापावं लागतं. हे पान साहेब कधी टेबलावर ठेवत नाहीत.

७. कराराचा गुलाल झटकून आकडा वाचावा. युनियनचा करार हा सगळ्यांत खात्रीचा कागद, कारण त्यावर दोन्हीकडच्या सह्या असतात. पण जाहीर झालेली वाढ बहुधा तीन वर्षांत, टप्प्याटप्प्यानं मिळते आणि तिच्यातला बराच भाग भत्त्यांत जातो. त्याच लाईनवर उभ्या असलेल्या कंत्राटी पोराचं नाव तर त्या कागदावर शोधूनही सापडत नाही. त्याचा सर्वे कोण करणार?

८. नेमणूकपत्रात लिहिलेलं असतं: पगार गोपनीय ठेवावा. साहेब लोक मात्र सल्लागाराला पैसे मोजून एकमेकांचे आकडे बघतात. तेव्हा पगाराची पावती शेजारच्या मशीनवरच्याला दाखवा आणि त्याची बघा. याहून खात्रीचा सर्वे मिळणार नाही, आणि तो फुकट आहे.