लॅपटॉप एक, बिऱ्हाडं सात

ऐकलंत का? लोकांना आता एका कॉम्प्युटरवर एक विंडोज पुरत नाही म्हणे! मूळ मालक विंडोज ११. त्याच्या पोटात विंडोज ७, शेजारी उबुंटू, माळ्यावर काली लिनक्स. प्रत्येकाला वाटतं आख्खं घर आपलंच. आणि या गोतावळ्याला रॅम किती? १६ जीबी! नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच.

एका कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा, म्हणजे व्हर्च्युअल मशीन ऊर्फ व्हीएम, थाटून देणारं व्हर्च्युअलबॉक्स फुकट होतंच. २०२४च्या नोव्हेंबरात त्याच कामाचं व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रोही सगळ्यांना मोफत झालं. मग काय, रान मोकळं! विंडोज ११ला सुरक्षेची टीपीएम चिप हवी? व्हर्च्युअलबॉक्स ७ लटकी चिप बसवून देतं. विंडोजही ती गोड मानून घेतं. कलियुग, दुसरं काय!

एक्सपीवाल्यांची तर तऱ्हाच न्यारी. मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ला एक्सपीचा आधार काढून घेतला, पण यांच्याकडे ते अजून ठणठणीत. वॉलपेपरवर तीच हिरवी टेकडी, तेच निळं आभाळ. कशाला म्हणून विचारावं, तर उत्तर तयार: ‘पेजमेकरच्या जुन्या फायली आहेत हो, युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉण्टमधल्या.’ बरं, हे कारण खरं आहे. डीटीपीवाल्यांना आपण हसायचं नाही. पण फाईल उघडून झाल्यावर तासभर पिनबॉल कोण खेळतं? व्हिस्टापासून तो खेळ गाळला म्हणून एवढा संसार? त्यातच माउस आतल्या खिडकीत अडकतो, आणि सोडवायला उजवं कंट्रोल दाबायचं हे काही केल्या आठवत नाही. मग घरभर शिव्या!

स्नॅपशॉटचं, म्हणजे मशीनची आत्ताची अवस्था जपून ठेवण्याचं, व्यसन मात्र सर्वांत वाईट. यादीच बघा एखाद्याची: ‘अपडेटच्या आधी’, ‘अपडेटच्या नंतर’, ‘चालतंय’, ‘आता खरंच चालतंय’, ‘हात लावू नका’. डिस्कची पट्टी लालभडक झाली, तरी एकही पुसवत नाही. आणि त्यापलीकडचे महाभाग? ते व्हीएमच्या आत व्हीएम चालवतात. भाडेकरूने पोटभाडेकरू ठेवायचा, त्यानेही आणखी एक! फॅन असा घोंघावतो की लॅपटॉप आता उडेल की काय. हे म्हणतात, ‘प्रॅक्टिस करतोय.’ कसली, विमान उडवायची?

‘आम्ही नाही बाई त्यातले’ म्हणणाऱ्यांनी तर गप्पच बसावं. डब्ल्यूएसएल २ वापरता ना? अँड्रॉइडचं एम्युलेटर? आत व्हर्च्युअल मशीनच आहे, लाजू नका. अहो, सुरक्षेच्या नावाखाली विंडोज ११ स्वतःच बहुतेक नव्या मशीनवर गुपचूप हायपरव्हायजर, म्हणजे व्हीएम सांभाळणारा कारभारी, चालवतं! शिवाय हे थेर आजचे थोडेच आहेत? आयबीएमने १९७२ सालीच मेनफ्रेमसाठी व्हीएम/३७० जाहीर केलं होतं. तेव्हा निदान यंत्र तरी खोलीएवढं होतं. आता मांडीवरच्या लॅपटॉपकडून तेच करून घ्यायचं, आणि वर ‘स्लो झालाय गं’ म्हणून रडायचं?

तेव्हा मंडळी, हौस करा, पण स्नॅपशॉटला बॅकअप समजू नका. तो त्याच डिस्कवर असतो. डिस्क गेली की सगळी बिऱ्हाडं एकदम रस्त्यावर. आज रात्रीच बाहेरच्या डिस्कवर एक कॉपी टाका, आणि मग खुशाल आठवं मशीन इन्स्टॉल करा. इन्स्टॉलची आयएसओ फाईल डाउनलोड करून ठेवलीच असेल म्हणा.